स्लायडर नंतर बांध, आधी आजूबाजूला बघ

(पोस्ट मोठी आहे. स्कायडायव्हिंगशी संबंध नसेल तरी वाचा. शेवटचा भाग तुमच्यासाठीच आहे.)

परवा एक रील फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. आपलाच मराठी मुलगा, अमेरिकेत नोकरीला, दोनशेच्या थोड्या वर उड्या झालेल्या. हेल्मेटवर 360 कॅमेरा, त्यामुळे त्याचं डोकं कुठे वळतंय तेसुद्धा दिसतं. पॅराशूट उघडतं, एक झटका बसतो आणि पुढच्याच क्षणी दोन्ही हात डोक्यावर. स्लायडर खाली ओढला, मानेमागे नेला, पट्टीत अडकवला. मग छातीचा पट्टा सैल केला. मग मस्त हसला.

मी मोजलं. 28 सेकंद. या 28 सेकंदांत त्याने एकदाही डावीकडे, उजवीकडे किंवा खाली पाहिलं नाही.

मागे ढोलताशा, खाली बदामांचा पाऊस, "जबरदस्त भावा", "मराठी माणूस आभाळात" वगैरे. ठीक आहे, कौतुक व्हावं. पण खाली एक कमेंट होती: "दादा, माझ्या 31 उड्या झाल्यात, ए लायसन्स नुकतंच मिळालं. स्लायडर मानेमागे कसा बांधायचा? मला जमतच नाही." त्यावर दादांचं उत्तर: "सोप्पंय रे. उघडल्या उघडल्या दोन्ही हातांनी खेच. प्रॅक्टिसने जमेल."

माझी ही सगळी पोस्ट त्या "सोप्पंय रे"बद्दल आहे.

आधी स्लायडर म्हणजे काय ते सांगतो, कारण उड्या न मारणाऱ्या माणसाने हा शब्द ऐकलेला नसतो. आजचं स्पोर्ट पॅराशूट गोल छत्रीसारखं नसतं. ते चौकोनी, हवा भरून पंखासारखं उडणारं असतं. अशी छत्री एकदम उघडली तर माणसाची मान मोडेल एवढा झटका बसू शकतो. म्हणून दोऱ्यांवर साधारण उशीच्या अभ्र्याएवढा कापडाचा तुकडा असतो. फ्लेक्सच्या कोपऱ्यांत ठोकतात तशा धातूच्या कड्या त्याच्या चारही कोपऱ्यांत असतात आणि दोऱ्यांचे चार गठ्ठे त्यांतून जातात. घडी घालताना तो वर छत्रीपाशी असतो. उडी मारल्यावर वारा त्याला वर दाबून धरतो, छत्री फुलायला लागली की ती त्याला खाली ढकलते. या ओढाताणीत छत्री हळूहळू उघडते. खाली आलेला स्लायडर डोक्याच्या थोडा वर, रायझरच्या पट्ट्यांपाशी थांबतो. तिथे त्याचं काम संपतं.

मग तो तिथे फडफडत राहतो. त्यासाठी बहुतेक स्लायडरना बारीक दोऱ्या असतात. त्या ओढल्या की कापड चुरगळून गुंडाळी होते आणि फडफड थांबते. याला आम्ही स्लायडर कोलॅप्स करणं म्हणतो. दोन-तीन सेकंदांचं काम. त्यापुढची पायरी म्हणजे तीच गुंडाळी खाली ओढून मानेमागे बांधणं. वाद या दुसऱ्या पायरीबद्दल आहे, आणि त्याहून जास्त ती कधी करायची याबद्दल.

आता हिशोब करू.

अमेरिकेतल्या यूएसपीए या संघटनेच्या नियमांप्रमाणे शिकाऊ आणि ए लायसन्सवाल्याने 3,000 फुटांच्या वरच पॅराशूट उघडायला हवं. समजा त्या 31 उड्यावाल्याने 4,000 ला ओढलं. छत्री पूर्ण फुलेपर्यंत सहा-आठशे फूट गेले. राहिले साधारण 3,200. त्याच नियमपुस्तकात त्याची निर्णयाची उंची आहे 2,500 फूट. ही छत्री उतरण्यालायक नाही, ती तोडून राखीव उघडायची, हा निर्णय तिथवर झालेला असला पाहिजे. म्हणजे हातात 700 फूट. छत्री मिनिटाला साधारण हजार फूट खाली येते. 700 फुटांना लागतात 40 सेकंद.

या 40 सेकंदांत काय काय उरकायचं असतं? वर बघायचं: छत्री चौकोनी आहे का, फाटलीय का, दोऱ्यांना पीळ आहे का, स्लायडर खाली आलाय का. आजूबाजूला बघायचं: बरोबर उडी मारलेले बाकीचे कुठे आहेत. उतरायचं मैदान शोधायचं. ब्रेक सोडायचे. डावं वळण, उजवं वळण, मग दोन्ही टॉगल पूर्ण ओढून फ्लेअर करून बघायचा, कारण जमिनीजवळ वेग मारायला तोच लागणार आहे. टॉगल अडकलाय हे 2,700 फुटांवर कळलं तर पर्याय असतात. 700 फुटांवर कळलं तर बहुतेक संपलेले असतात.

त्या 40 पैकी 28 सेकंद मानेमागे बांधायला दिले तर या सगळ्याला उरले 12. सांगा, सोप्पंय का?

दुसरा हिशोब टकरीचा. नवख्या माणसाची मोठी छत्रीसुद्धा सेकंदाला आठ-दहा मीटर पुढे जाते. दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर मधलं 100 मीटरचं अंतर पाच-सहा सेकंदांत संपतं. छत्री उघडताना तिचं तोंड कुठे वळेल याची खात्री नसते. तुमचं तोंड बरोबरच्याच्या दिशेने असेल, त्याचं तुमच्या. म्हणून शिकवताना घोकून घेतात की उघडल्यावर हात आधी मागच्या रायझरवर. ब्रेक सोडलेले नसले तरी रायझर ओढून लगेच वळता येतं. हात स्लायडरवर असले तर ते रायझरवर नाहीत. दोनच हात दिलेत देवाने.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या सत्तराव्या उडीच्या आसपासची गोष्ट. चौघांची उडी होती. मीही नुकताच स्लायडर मानेमागे बांधायला शिकलो होतो आणि स्वतःवर खूश होतो. छत्री उघडली, दोन्ही हात वर गेले, गाठ सुटेना म्हणून मान वर करून बघत बसलो. कापडाचा सपकन आवाज आला म्हणून खाली पाहिलं. बरोबरची एक बाई क्रिकेटच्या पिचएवढ्या अंतरावरून बाजूने निघून गेली. तिने मला पाहिलं होतं. तिचे हात रायझरवर होते, तिने उजवीकडे वळवलं. मी काहीच केलं नव्हतं. मला ती दिसलीच नव्हती.

उतरल्यावर ती माझ्याकडे आली. ओरडली नाही. एवढंच विचारलं, "उघडल्यावर तुला काय काय दिसलं?" मी म्हटलं, "स्लायडर." ती मान हलवून छत्रीची घडी घालायला गेली. त्या दिवशी मी परत उडी मारली नाही.

आता कुणी म्हणेल, टक्कर सोडा, बांधण्यात वाईट काय? नवख्यासाठी आहे.

एक. स्लायडर सरळ ओढला गेला नाही तर एका बाजूचा रायझर ओढला जातो किंवा एका बाजूचा ब्रेक सुटतो आणि छत्री आपोआप वळते. गर्दीत, तुमचं लक्ष वर असताना.

दोन. हल्ली रायझरशी जोडणी बऱ्याचदा धातूऐवजी दोरीच्या मऊ लिंकची असते. त्यावरून स्लायडरच्या कड्या खाली घसरून टॉगलवर बसू शकतात. मग टॉगल नीट सुटत नाही किंवा पूर्ण ओढला जात नाही.

तीन. छत्री तोडायची वेळ आली तर रायझर खांद्यापासून सुटून क्षणात निघून जायला हवेत. बिल बूथने 1970च्या दशकात तीन कड्यांची जी यंत्रणा काढली ती यासाठीच. आता दोन्ही रायझरना जोडणारं कापड तुम्ही मानेमागे, कॅमेरा लावलेल्या हेल्मेटच्या खाली अडकवून ठेवलंय. ते सुटेलही. पण ते सुटतं की नाही हे बघायची ती वेळ नव्हे.

चार. सोबत छातीचा पट्टा सैल केला की हार्नेस अंगावर सरकतो आणि हँडल सरकतात. जमिनीवर शंभर वेळा हात नेऊन पाठ केलेली जागा बदलते.

आता "दादा" मंडळींचे मुद्दे. सगळे ऐकलेत, काही मीही एकेकाळी मारलेत.

"फडफडतो, आवाज होतो." मान्य. मग कोलॅप्स कर. आवाज गेला. मानेमागे कशाला?

"बांधला की छत्री चांगली उडते." हेही खरं आहे, पण कुणासाठी? छोट्या, वेगवान छत्र्या घेऊन जमिनीलगत स्वूप मारणाऱ्यांसाठी. रायझर फाकतात, छत्री पसरते, वाऱ्याचा अडथळा कमी होतो. त्यातले स्पर्धक तर स्लायडर काढूनच टाकता येईल असा वापरतात. 31 उड्यांवर 190 चौरस फुटांच्या छत्रीखाली लोंबणाऱ्या माणसाला यातून मिळणारा फायदा म्हणजे लुनावर स्पॉइलर लावण्यासारखा.

"डोक्यावरचं कापड गेलं की वर मोकळं दिसतं." हा एकच मुद्दा मला थोडा पटतो. पण समोरचं, बाजूचं आणि खालचं बघायला कुणी अडवलं नव्हतं. रीलमध्ये तेच बघितलं गेलं नाही.

"मी दोन हजार उड्या असंच करतोय, कधी काही झालं नाही." दादा, तुमचे हात काम करत असतात तेव्हा डोळे फिरत असतात. तुम्ही मोजत नाही, पण उघडायच्या आधीच तुम्हाला कोण कुठे आहे ते माहीत असतं. तुमच्या व्हिडिओत फक्त हात दिसतात. पोरं तेवढेच शिकतात.

"एवढी भीती वाटते तर उडी मारू नका." हे उत्तर नव्हे. हे प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करणं झालं. ज्या मैदानावर असं बोललं जातं तिथे नवखा माणूस विचारायचं सोडतो आणि रील बघायला लागतो.

मग यावर कायदा हवा का? नको. अमेरिकेच्या एफएएचा पार्ट 105 पॅराशूटबद्दल आहे. राखीव पॅराशूट प्रमाणित रिगरने 180 दिवसांच्या आत घडी घातलेलं असावं वगैरे त्यात आहे. स्लायडरबद्दल अवाक्षर नाही, असायचं कारणही नाही. हवेतल्या दहा सेकंदांवर सरकार लक्ष ठेवू शकत नाही. ते काम मैदानावरच्या माणसांचं आहे, आणि आपण ते करत नाही आहोत अशी माझी तक्रार आहे.

याच मैदानांवर एक गोष्ट बऱ्यापैकी रुजली आहे: 200 उड्यांच्या आधी कॅमेरा नको. यूएसपीएची तशी शिफारस आहे. कारण काय? कॅमेरा लक्ष खातो. मग जी गोष्ट लक्षही खाते आणि वर दोन्ही हातही खाते, तिला वेगळा न्याय का? उघडल्या उघडल्या मानेमागे बांधणं हे कॅमेऱ्यापेक्षा जास्त लक्ष मागतं. पण कॅमेरा दिसतो म्हणून आपण अडवतो, आणि स्लायडरला "स्टाइल" म्हणून टाळ्या देतो.

थोडं मागे जाऊ. 1970च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी सरासरी 40च्या वर माणसं या खेळात जात. 2023 साली साधारण 36 लाख उड्या झाल्या आणि 10 माणसं गेली. हा बदल फुकट झालेला नाही. छत्र्या सुधारल्या. 1991 मध्ये सायप्रस नावाचं यंत्र आलं, जे माणूस बेशुद्ध असला तरी ठरलेल्या उंचीवर राखीव उघडतं. "ओढलंच नाही" म्हणून मरणारे खूप कमी झाले. पण मग उरले कोण? नीट उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली मरणारे. खाली वळण चुकलेले, टकरीत सापडलेले. अपघातांच्या अहवालांत वर्षानुवर्षं त्यांचा वाटा मोठा आहे. बिल बूथ फार पूर्वी म्हणून गेलाय की साधनं जितकी सुरक्षित होतील तितका धोका माणसं वाढवत नेतील, आणि मरणाऱ्यांचं प्रमाण तिथल्या तिथे ठेवतील. लोकांना ते विनोदासारखं वाटतं. मला वाटत नाही.

आता उडी न मारणाऱ्यांसाठी.

आपल्याकडे स्कायडायव्हिंग माहीत झालं ते मुख्यतः पुण्याच्या शीतल महाजनांमुळे. 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर त्यांनी आयुष्यातली पहिली उडी मारली, पुढे नऊवारी नेसून थायलंडमध्ये मारली, पद्मश्री मिळाली. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण आपल्या बातम्या बघा. विमानातून उडी, पोटात गोळा, मग "पॅराशूट उघडलं आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला". बातमी संपली. माणूस अजून 3,000 फुटांवर आहे आणि वार्ताहर घरी गेला.

हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की उडी मारणारी आपली मुलंही तसंच मानतात. उघडलं म्हणजे झालं, आता मजा, आता स्लायडर, आता कॅमेरा. आणि मराठीत वाचायला काय आहे? पुण्यामुंबईची पोरं थायलंडला, स्पेनला, अमेरिकेला जाऊन लायसन्स काढतात. शिकतात इंग्रजीत, मैदानावर भिडेपोटी कमी विचारतात आणि खरी चर्चा मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर करतात. म्हणजे आपल्या भाषेत या खेळाचं पाठ्यपुस्तक काय, तर रील आणि त्याखालची कमेंट. "सोप्पंय रे" हा त्यातला धडा.

अपघात झाल्यावर आपण काय करतो तेही बघा. 2025च्या जानेवारीत गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट गेला. खेळ वेगळा आहे, पण पद्धत ओळखीची आहे. गुन्हा दाखल होतो, बंदीची मागणी होते, चार दिवस हळहळ होते. नेमकं कोणत्या क्षणी काय चुकलं, हे पुढच्या माणसाला शिकता येईल अशा भाषेत कुठे वाचलंत? मी तरी वाचलं नाही. यूएसपीएच्या मासिकात अपघातांचे अहवाल छापून येतात. नाव नसतं. किती उड्या झाल्या होत्या, छत्री कुठली, किती उंचीवर काय केलं, काय करायला हवं होतं, एवढंच असतं. आम्ही ते वाचूनच जिवंत राहायला शिकलो. बंदीपेक्षा असा एक पानाचा अहवाल जास्त जीव वाचवतो. तो मागायला हवा, पॅराग्लायडिंगसाठी, राफ्टिंगसाठी, सगळ्यासाठी.

तर माझं म्हणणं थोडक्यात.

200 उड्यांपर्यंत स्लायडर फक्त कोलॅप्स करायचा. मानेमागे नाही, छातीच्या पट्ट्याला हात नाही. आणि कोलॅप्ससुद्धा छत्री आणि आजूबाजू बघून झाल्यावर.

200 नंतर बांधायचा तर बांधा. पण आधी छत्री, मग आजूबाजू, मग ब्रेक सोडून वळणं आणि फ्लेअर. हे सगळं झाल्यावर, निर्णयाच्या उंचीच्या वर असताना आणि मोकळ्या हवेत. गाठ अडकली तर सोडून द्या. कापड डोक्यावर राहिलं म्हणून आजवर कुणाचं लँडिंग बिघडलेलं मी पाहिलं नाही.

मैदानावरच्या जुन्या लोकांनो, कुणी व्हिडिओ दाखवला की "भारी" म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारा. तोच, जो मला विचारला गेला: उघडल्यावर तुला काय काय दिसलं?

आणि रीलवाल्या भावा, तुझं नाव घेतलं नाही, घेणारही नाही. तू वाईट उडी मारत नाहीस. पण त्या 31 उड्यावाल्याला तू दिलेलं उत्तर अजून तिथेच आहे. ते काढ, आणि त्या जागी लिही: "आत्ता नको. आधी आजूबाजूला बघायला शिक. बाकी भेटल्यावर सांगतो." तो येत्या शनिवारी-रविवारी परत विमानात बसणार आहे.

सहमत नसाल तर जरूर लिहा, उत्तर देईन. फक्त लिहिताना तुमच्या उड्या किती आणि तुमचं शेवटचं स्लायडर बांधणं किती सेकंदांचं होतं, तेवढं व्हिडिओ बघून मोजून लिहा.